चार तासांची वीज

सगळ्यांनी रविवारी बाराला जमायचं ठरलं होतं आणि थोरली साडेदहालाच येऊन बसली होती. बसली म्हणायचं ते आपलं म्हणायला. खुर्चीवर टेकली की उठत होती, खिडकीशी जाऊन खालचा रस्ता बघत होती, परत येऊन आईच्या पुढ्यातल्या ताटलीतली एखादी वाटाण्याची शेंग सोलत होती आणि ती अर्धी टाकून पुन्हा उठत होती.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" आई म्हणाली. "बस की एका जागी. मला बघून गरगरतंय."

"सवय नाही गं बसायची."

"पंचवीस वर्षं खुर्चीतच तर बसलीस."

आईचं बोलणं असंच असायचं. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली बाई; तिच्यापुढं वाक्य टाकताना मंत्रीसुद्धा अडखळले असते. थोरलीनं हसण्यावारी नेलं आणि कपाटावर पालथा ठेवलेला फोन उचलून, काही न बघता, पुन्हा पालथा ठेवला.

त्या आठवड्यात दोन गोष्टी व्हायच्या होत्या. सोमवारी दहा वाजता धाकट्या भावाच्या बायकोची चौकशी होती. आणि बुधवारी, नव्यानं निघालेल्या वारसा संरक्षण संस्थेचं संचालकपद कुणाला मिळणार ते कळायचं होतं. पहिलं नाव थोरलीचं होतं. सगळ्या घराला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्या एकमेकींत किती खोल अडकल्यात, ते फक्त थोरलीला माहीत होतं.

सरकारी नोकरीची पहिली अकरा वर्षं तिनं सुरक्षेच्या टेबलावर काढली. सीमेवरच्या चौक्या, बंदरांवरचे पहारे, कुणी वाचू नयेत असे आणि कुणी वाचतही नसत असे अहवाल. तिथून ती ऊर्जेकडं गेली. मग तीन हिवाळ्यांपूर्वी सीमेपलीकडून येणारा गॅस एका सकाळी बंद झाला आणि वरिष्ठांनी तिला नऊ दिवस दिले. वीज कुणाला किती द्यायची, ते लिहून आणायचं. दवाखाने, पाणी, रेल्वे पहिल्या वर्गात. कारखाने आणि शाळा दुसऱ्यात. संग्रहालयं आणि त्यांची गोदामं तिसऱ्यात, दिवसाला चार तास. त्या कागदाला टंचाई आराखडा म्हणत. त्याच्यामुळं हिवाळा निभावला असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. एकाही दवाखान्याचा दिवा गेला नाही.

पण आराखड्याच्या पहिल्या मसुद्याला एक परिशिष्ट होतं. एका तज्ज्ञानं पानभर टिपण दिलं होतं, की तळघरातल्या गोदामांना ओल खेचणारी यंत्रं रोज किमान आठ तास चालवावी लागतील, नाहीतर बुरशी धरेल. देशात अशी एकसष्ट गोदामं होती. ते पान जोडलं असतं, तर एकसष्टच्या एकसष्ट जणांनी आठ तास मागितले असते. थोरलीनं एका गुरुवारी दुपारी ते पान काढून खणात ठेवलं. नंतर जोडू, म्हणाली. ते नंतर कधी आलंच नाही. तज्ज्ञ पुढं दुसऱ्या देशात निघून गेला. हिवाळा सरल्यावर गोदामांतून बुरशीच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा थोरलीनं स्वतःहून वारसा विभागात बदली मागून घेतली. लोकांना ती तिची आवड वाटली.

बारा वाजता दार वाजलं. आधी वकीलमामा आले, आईचे धाकटे भाऊ, फुगलेली बॅग काखेत मारून. मागोमाग धाकटा आणि त्याची बायको. धाकटा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायची सवय असल्यामुळं घरी स्वतःचं बंदच असायचं. त्याच्या बायकोला सगळे किल्ली म्हणत. लग्न होऊन घरात आली तेव्हा संग्रहालयाच्या गोदामाच्या तीन किल्ल्या तिच्या गळ्यात साखळीला असत, अंघोळीलासुद्धा काढत नसे. आप्पांनी, थोरलीच्या वडिलांनी, चेष्टेनं हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. गोदामातलं जुनं कापड बुरशीनं गेलं म्हणून तिला निलंबित केलं, त्या दिवशी साखळी जमा करून घेतली होती. आता तिचा हात सारखा गळ्याशी जायचा आणि रिकामा खाली यायचा.

आप्पा आतल्या खोलीतला रेडिओ बंद करून आले आणि टेबलाच्या टोकाला बसले. पस्तीस वर्षं वीजमंडळाच्या नियंत्रण कक्षात काढलेला माणूस. अजूनही दिवा मिणमिणला की घड्याळ बघायचे.

जेवणं अर्ध्यावर आल्यावर मामांनी ताट सरकवलं.

"ऐका आता. उद्या हिनं एकच वाक्य बोलायचं. जादा विजेसाठी सवलतीचा अर्ज करता येतो असं सांगणारं परिपत्रक गोदामात मुदत संपल्यावर पोचलं. बस्स. वीज चारच तास, अर्ज करायची सोय माहीत नाही, मग ही काय करणार? आरोप तिथंच पडतो."

"पण ते वेळेवर पोचलं होतं," धाकटा म्हणाला.

"कशावरून? आवकची नोंदवही ओलीनं गेलीय. पानंच सुटत नाहीत एकमेकांपासून. मी स्वतः बघून आलोय."

"आणि मग उशीर कुणी केला म्हणायचं?" आईनं विचारलं.

"मुख्यालयातल्या जावक टेबलानं. तिथं एक कारकून आहे. सहा महिन्यांत निवृत्त होतोय. त्याच्या सेवापुस्तकात एक ओळ पडेल फार तर. कुणाचं काही बिघडत नाही."

थोरली खाली मान घालून भाताची शितं काट्यानं एका ओळीत लावत होती. परिपत्रक वेळेवर पोचलं होतं. तिनं स्वतः फोन करून सांगितलं होतं किल्लीला, अर्ज कर, शुक्रवारपर्यंत मुदत आहे. त्या फोनची गोष्ट दोघींपलीकडं गेली नव्हती. तिनं डोळे वर केले तर किल्ली तिच्याकडंच बघत होती.

"नाव काय त्याचं?" आप्पांनी विचारलं.

"कुणाचं?"

"कारकुनाचं."

मामांनी कागद चाळले. एक गठ्ठा संपला, दुसरा काढला. "असेल इथंच कुठंतरी," ते म्हणाले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आई म्हणाली आणि पाण्याचा ग्लास जरा जोरातच ठेवला.

"मग काय माझ्या बायकोला द्यायची?" धाकट्यानं एकदम आवाज चढवला. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, मामा दचकले. तो थोरलीकडं वळला. "ताई, तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीयस. आराखडा तुझा होता ना? उद्या तू ये आणि सांग, चार तासांत गोदामाच्या दोन खोल्या कोरड्या ठेवणं कुणालाच जमलं नसतं."

"तिला मध्ये ओढू नकोस," आप्पा म्हणाले. "बुधवारी तिचा निकाल आहे. घरात एकाचं जळलं म्हणून दुसऱ्याचं पेटवायचं नसतं."

"म्हणजे माझ्या घराचं जळलं तर चालतं."

"मी तसं म्हणालो नाही."

"तेच म्हणालात, आप्पा."

कपाटावर फोन थरथरला. थोरली उठून गेली. तिच्या विभागाच्या सचिवांचा निरोप होता: घोषणा उद्याच संध्याकाळी. सकाळी चौकशीच्या बाजूला फिरकू नका, कुणी पाहिलं तर विनाकारण चर्चा होईल. तिनं तो दोनदा वाचला. पाठीमागं टेबलावर मामा धाकट्याला समजावत होते, आई मामांना खोडत होती, आणि आप्पा कुणाकडंही न बघता मीठदाणी सरळ करत होते.

"नेमकं काय लिहिलं होतं गं तुझ्या आराखड्यात?" आईनं तिथूनच विचारलं. "तोंडपाठ असेल तुला."

होतं. "उपलब्ध तासांचे वाटप स्थानिक पातळीवर निश्चित केले जावे."

"कोणी?"

"काय कोणी?"

"निश्चित कोणी करायचं? कर्ता कुठाय या वाक्यात? मुलांनी असं लिहिलं की मी अर्धा मार्क कापायचे."

"सरकारी वाक्य असंच असतं, आई. मला वाटलं, तिथल्या माणसाला मोकळीक राहील."

"मोकळीक," धाकटा म्हणाला. "त्याच वाक्यावर आरोपपत्र उभं आहे. स्थानिक पातळी म्हणजे ही."

आप्पांनी मीठदाणी सोडली. "आमच्याकडं," ते सावकाश म्हणाले, "एखाद्या भागाची वीज काढली की वहीत लिहावं लागायचं. किती वाजता काढली आणि कुणी काढली. मी वर्षानुवर्षं लोकांच्या घरात अंधार केला. रस्त्यात शिव्या खाल्ल्या. पण कुणी विचारलं तर वहीत माझं नाव होतं." ते थांबले. मग मामांकडं वळले. "तो कारकून सोड. ते जमायचं नाही."

"भावजी, मग दुसरं काही हातात नाही."

"नसू दे."

आत्ता काही मिनिटांपूर्वी मुलीची ढाल झालेला माणूस आता कुणाच्या बाजूनं आहे, ते कुणालाच कळेना. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. ते उठून आत गेले आणि रेडिओ पुन्हा सुरू झाला, नको तेवढा मोठा.

किल्ली उठली. तिनं ताटं गोळा केली. "मी घासून टाकते," म्हणाली. थोरली मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"अर्ज का नाही केलास तू?" तिनं विचारलं. त्या हिवाळ्यापासून हा प्रश्न तिनं गिळला होता.

किल्लीनं नळ सोडला. "त्यात एक रकाना होता. 'संग्रहाचा प्राधान्यक्रम लिहा.' म्हणजे एका खोलीत कागद आणि नकाशे, दुसऱ्या खोलीत कापड. यातलं दुय्यम कुठलं, ते माझ्या हातानं लिहायचं. तीन दिवस तो कागद समोर घेऊन बसले. नाही लिहिता आलं. वाटलं, थंडी कमी पडेल. वाटलं, गॅस परत येईल."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही म्हणाला असतात, लिहून टाक."

"हो. म्हणाले असते."

"आणि शेवटी केलंच ना मी ते. चारही तास कागदांना दिले. कागद भिजला की लगदा होतो, तो परत येत नाही. कापड थोडं तग धरेल असं वाटलं. एकशे बहात्तर नगांनी धरला. चाळीस गेले." ती एकच ताटली पुन्हा पुन्हा धूत होती. "मामा म्हणतात, मला माहीतच नव्हतं असं सांग. हे म्हणतात, कुणालाच जमलं नसतं असं सांग. सगळे मला वाचवायला निघालेत, ताई, पण मी काहीतरी ठरवलं होतं हे कुणी ऐकूनच घेत नाही."

त्या क्षणी गप्प राहणं सोपं होतं. थोरलीनं ओट्याची कड धरली.

"चार तास पुरणार नाहीत हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

किल्लीचा हात थांबला.

"आठ लागतील, असं एका पानावर लिहून आलं होतं. मी ते पान काढून ठेवलं. ते असतं तर तुझ्यापाशी मागायला आधार असता. अर्जात रकानाही वेगळा असता."

किल्लीनं नळ बंद केला. हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसावं तसे. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मला फोन केलात तेव्हा?"

"तेव्हाही."

किल्लीनं फडकं दांडीवर टाकलं, बाहेर गेली, खुंटीवरचा कोट घेतला. धाकटा काय झालं, काय झालं करत मागं धावला. जिन्यातून तिची पावलं उतरत गेली, एकसारखी, न धावता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. थोरलीनं तिलाही सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझ्याकडून फार तर मार्क कापले जातील."

सोमवारी सकाळी थोरली कचेरीत जायला म्हणून निघाली, दोन चौक ओलांडले, परत फिरली, पुन्हा निघाली. दहाला पाच कमी असताना ती चौकशीच्या खोलीत सगळ्यांत मागच्या बाकावर होती. लांब टेबलामागं तिघं. मधे निवृत्त न्यायाधीश बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. पुढच्या रांगेत आप्पा, आई, धाकटा. मामा किल्लीच्या शेजारी. कुणी मागं वळून पाहिलं नाही.

किल्ली उभी राहिली. मामांनी टाइप करून आणलेला कागद तिनं उलटा करून टेबलावर ठेवला.

"परिपत्रक वेळेवर मिळालं होतं," ती म्हणाली. मामांनी डोळे मिटले. "अर्ज करता येतो हे मला माहीत होतं. मी केला नाही, कारण कुठला संग्रह दुय्यम हे मला लिहवलं नाही. ती माझी चूक. त्यानंतर जेवढी वीज मिळाली ती मी कागदांच्या खोलीला दिली. का दिली ते सांगते, आणि ते नोंदवून घ्यावं अशी विनंती आहे."

तिनं वीस मिनिटं सांगितलं. भिंतीतली ओल, खोल्यांचं माप, रोज सकाळी घेतलेले आकडे, कुठल्या दिवशी कापडाच्या खोलीत पहिला वास आला. न्यायाधीश बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "चार तास अपुरे आहेत, हे वर कुणाला कळवलं होतं?"

"नाही."

"वर कुणाला ठाऊक असेल, असं वाटतं?"

किल्लीचा हात गळ्याशी गेला आणि रिकामा खाली आला. ती नाव घेणार नव्हती. रागावून गेली होती, रात्रभर नवऱ्याशी बोलली नव्हती, आणि तरी घेणार नव्हती. थोरलीला तिची ताठ पाठ दिसत होती.

"मला ठाऊक होतं," थोरली म्हणाली. ती बाकावरून उठली. "आराखडा मी लिहिला. तज्ज्ञाचं टिपण मी काढून ठेवलं. एकसष्ट जण जास्त वीज मागतील आणि मला नाही म्हणता येणार नाही, म्हणून. ते पान मी आणलंय."

पुढच्या रांगेतल्या तीन माना वळल्या. आप्पांचा चेहरा एकाच सकाळीत दहा वर्षं पुढं गेलेला दिसला, पण त्यांनी नजर काढून घेतली नाही.

संध्याकाळची घोषणा दुसऱ्याच नावाची झाली. सचिवांनी फोन केला नाही. त्यांच्या शिपायानं थोरलीची टेबलावरची रोपं आणि चहाचा कप एका खोक्यात भरून ठेवला. तिच्यावर स्वतंत्र चौकशी लागली, आणि ती संपेपर्यंत प्रशिक्षण केंद्रात नव्या अधिकाऱ्यांना मसुदे कसे लिहावेत ते शिकवायला धाडलं. आईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसली. किल्लीला अर्ज न केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि निलंबन उठलं. मामा म्हणाले, आपल्या उभ्या कारकिर्दीत अशिलानं इतकं वाईट बोलून इतकं बरं सुटल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पण किल्ली थोरलीशी बोलेना. रविवारी आली तरी ताट घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. धाकटा दोघींच्या मधे लोंबकळायचा. थोरलीच्या जिवाला चैन नव्हतं. शिकवून आली की संध्याकाळी उगाच नदीकाठानं चालत सुटायची, पाय दुखेपर्यंत. झोपायला गेली तरी मनातल्या मनात जुनी वाक्यं कर्त्यासकट पुन्हा लिहायची.

चौथ्या आठवड्यात किल्लीचा फोन आला.

"शनिवारी मोकळ्या आहात?"

"आहे."

"कापड साफ करायला माणसं कमी आहेत. हात लागले तर बरं. जुने कपडे घालून या. आणि बोलायला म्हणून येऊ नका, काम करायला या."

गोदाम जुन्या ट्रामच्या शेडखाली होतं. सतरा पायऱ्या उतरताना थोरलीच्या लक्षात आलं, की ज्या एकसष्ट जागांचे तास आपण ठरवले, त्यांतल्या एकीतही आपण कधी पाय ठेवला नव्हता. तिनं ते किल्लीला सांगितलं. किल्लीनं ऐकलं, आणि नाकातोंडावर बांधायची मुखपट्टी तिच्या हातात दिली.

"ही घट्ट बांधा. बुरशी छातीत जाते."

लांब टेबलावर एक पडदा पसरला होता, दोन माणसांच्या उंचीचा, राखाडी झालेला. कडेचं सूत सुटलंय तिथं हात लावायचा नाही, किल्लीनं दाखवलं. आधी ही जाळी ठेवायची, मग मऊ ब्रशनं धूळ उचलायची, मग जाळीवरून हे धूळ ओढणारं नळकांडं फिरवायचं, दाबायचं नाही. एका वेळी तळहाताएवढीच जागा.

"सगळं निघेल?"

"नाही. जेवढं निघेल तेवढं."

थोरली वाकली. पहिल्या दहा मिनिटांत तिची मान भरून आली, विसाव्या मिनिटाला तिला उठून फेरी मारावीशी वाटली. ती उठली नाही. टेबलाच्या पलीकडं किल्ली तिचा स्वतःचा तुकडा साफ करत होती, तीच जाळी, तोच ब्रश. यंत्र भिंतीशी गुरगुरत होतं. तासाभरानं राखाडी उतरून खाली लाल रंग दिसायला लागला. पूर्ण नाही, डागाळलेला, पण लाल.

किल्ली फिरून आली आणि दिवा खाली ओढून बघत राहिली.

"बरं झालंय," ती म्हणाली. मग जाळी उचलून तिनं एक वीत पुढं ठेवली. "आता हा बाजूचा."